बाबाचा ठोका अन् पुण्याचा फंक

वाडीच्या नाक्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स उभी होती अन् बाबा, तुम्ही क्लीनरशी भांडून राहिले होते. माझी बेस गिटार तुम्ही डिक्कीत टाकू देत नव्हते. "पोरीच्या मांडीवर राहील ते," म्हणाले. मग खिडकीपाशी आले. "पहिल्या ठोक्याले चुकू नको वं. मधात कुठंही फिर, पहिल्यावर परत ये."

पुण्यात आल्यावर कळलं, फंक म्हणजे हेच. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी चर्चमधून, नाचाच्या हॉलमधून आणलेला वजनदार पहिला ठोका. जॅझवाल्यांनी तो घेतला तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. म्हणे, बाजारू झालं. पुढं हिपहॉपवाल्यांनी फंकच्याच रेकॉर्डींचे तुकडे उचलले, अन् मूळ वाजवणाऱ्यांची नावं कित्येकदा गायब. हे सारं मले आमच्या बँडच्या लीडरनं शिकवलं. दर शोमध्ये सांगताना त्याचा गळा भरून येते.

अन् शनिवारी त्याच गळ्यानं तो म्हणाला, "आता विदर्भातली एक पारंपरिक लय."

पारंपरिक! डोकं सणकलं माझं. तुमची लय होती ते, मीच बँडले शिकवलेली. वरात चौकात अडली की नाचणाऱ्यांचे पाय एकदम पडावे म्हणून तुम्ही गळ्यात ड्रम अडकवून ती लय बसवली. लग्नाच्या बँडमध्ये जन्म काढला, लोकांच्या मंडपामागं बसून जेवले. तुम्ही तिकडं ओट्यावर चहा पिऊन राहिले, अन् हा तुम्हाले परंपरा करून मोकळा!

तुमचं नाव घे म्हणून मी त्याले आधीच सांगितलं होतं. "लोकांना काय कळणार गं ते नाव," म्हणे. काहून नाही कळणार? अमेरिकेतली नावं बरी पाठ आहेत त्याले!

त्यानं मोजून इशारा दिला. मी तारांवर हात ठेवला अन् वाजवलंच नाही. त्यानं पुन्हा मोजलं. मी तशीच उभी. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मग मीच माइक ओढला. "ही लय माझ्या बाबानं बसवली. मधुकर नाव त्यांचं, नागपूरचे." मगच वाजवली.

बँडमधून काढलं मले. गेला उडत.

आई म्हणते, घरी ये. नाही येत. पोरगी बँडमध्ये वाजवते म्हणून दात काढणारे आपल्या मोहल्ल्यात काय कमी होते? त्यांच्यावरचाही राग गेला नाही अजून.

बाबा, जन्मात पहिल्यांदा पहिला ठोका मुद्दाम चुकवला. आता तुम्हीच ट्रॅव्हल्स पकडा. इथल्या भाड्याच्या खोलीले घर म्हणायले तोंड उघडत नाही माझं. ड्रम घेऊन या, पहिला ठोका तुम्ही द्या. मग म्हणीन.