मशीन ऐकायला पालीला

आधी चहा संपवा, मग सांगतो. मधेच हसलात तर तो नाकातून येणार आणि दोष माझ्या माथी. हसणार तर तुम्ही आहातच! बायको हसली, मुलगा हसला, खालच्या मजल्यावरच्या माने वहिनी तर जिन्यात भेटल्या की अजून तोंडाला पदर लावतात.

तर माझ्या या कानापायी मी आमच्या निखिलचं जमत आलेलं लग्न मोडायच्या बेताला आणलं होतं. आता तुम्ही म्हणाल, बापाचा कान आणि मुलाचं लग्न, संबंध काय? सांगतो ना!

माझ्या कानाबद्दल आमच्याकडे कुणालाही विचारा. फणस झाडावर असताना नुसता थापटून मी सांगतो, आज उतरवायचा की परवा. नारळ कानाशी हलवला की आत पाणी किती, ते कळलंच. शेजारीपाजारी बाजारातून नारळ आणला की आधी माझ्या कानाला लावून जातात. माणसाला गर्व होईल की नाही?

झालं काय, ऐन पावसात आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. रत्नागिरीच्या पावसात मशीन बंद पडणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नाही कळायचं. आमच्याकडे मशीन कपडे धुवायला नसतंच मुळी! धुवायला दगड आहे. मशीन लागतं पिळायला. नाहीतर आषाढात धुतलेली पँट श्रावणात घालायला मिळते. हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे, आणि टीव्ही बघायचा तर बनियनांच्या फटीतून.

"आजच्या आज नवीन घेऊन या," ही म्हणाली. ही म्हणजे आमची सुनंदा.

"घेऊ. पण मोटरचा आवाज ऐकल्याशिवाय नाही. मशीनचा सगळा जीव मोटरमध्ये असतो."

दुकानात गेलो. एका मशीनला कान लावला आणि बोटानं दोनदा वाजवून बघितलं. दुकानदार म्हणाला, "काका, फणस नाय तो."

"मग चालू करून दाखव."

"इथं पाण्याचं कनेक्शन कुठाय ओ? घरी न्या, मग ऐका रोज!"

असं कसं? न ऐकता घ्यायचं? मी ठरवलं, ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांच्या घरी जाऊनच ऐकायचं. सुरुवात माने वहिनींपासून. त्यांचं सेमी-ऑटोमॅटिक. धुताना अगदी गरीब, पण ड्रायर लावला की चढाला लागलेली एस.टी.! मी डोळे मिटून ऐकत होतो, तर वहिनी दारातून विचारतात, "भावजी, बरं वाटत नाय का?"

मग शिरगावला साडूकडे. त्यांचं वरच्या झाकणाचं. गुर्रर्र करायचं, थांबायचं, विचार करायचं, परत गुर्रर्र. दोन्ही आवाज मोबाईलवर टेप केले आणि जेवताना हिला ऐकवायला लागलो.

"हा ऐक. आता हा ऐक. फरक कळला?"

ही बांगड्याचा काटा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "ऐकायचंच तर पुढून दार असलेलं ऐका. पालीला शिंद्यांकडे आहे. माझ्या मावसबहिणीच्या ओळखीतले. रविवारी जाऊ दोघं."

मला गहिवरून आलं हो! इतक्या वर्षांच्या संसारात हिनं माझ्या कानाची कदर पहिल्यांदा केली होती.

रविवारी बघतो तर ही रेशमी साडी नेसून तयार.

"मशीन ऐकायला रेशमी?"

"लोकांच्या घरी जायचंय. तुम्हीही इस्त्रीचा शर्ट घाला."

तुम्हाला इथेच शंका आली ना? मला नाही आली. मी मोबाईल चार्ज करत होतो.

पालीला शिंद्यांच्या ओटीवर ही गर्दी! शिंदे, त्यांची बायको, बायकोचा भाऊ, मुंबईहून आलेल्या शिंद्यांच्या बहीणबाई. मला वाटलं, गावात करमणूक कमी, मशीन ऐकायला जमली असतील मंडळी.

"या ओ या, बसा. वाटेत पाऊस लागला काय?" शिंदे म्हणाले.

"लागला. मशीन कुठाय?"

सगळे खो खो हसले. शिंद्यांनी मेहुण्याला कोपरानं ढोसलं. "मशीन काय पळून जातंय? आधी च्या घ्या, पोहे घ्या."

"पोहे राहू द्या हो. मी खरंच मशीनसाठी आलोय."

"व्हय व्हय, मशीनसाठीच!" मेहुणा म्हणाला, आणि परत हशा. भलतीच हसरी माणसं, मी मनात म्हटलं.

पोहे आलेच. कुणी आणले, मी बघितलं नाही. वर ओलं खोबरं भरपूर होतं, ते आठवतंय.

मग बहीणबाईंनी विचारलं, "चिरंजीव मुंबईला एकटेच राहतात ना? स्वभावानं नीटनेटके आहेत म्हणे?"

आता माझ्या डोक्यात त्या दिवशी धुण्याशिवाय दुसरं काही होतं का? मी म्हटलं, "नीटनेटका? निखिल? अहो, कपडे बादलीत भिजत घालतो आणि विसरून जातो! वास सुटला की आठवण होते. मग पाणी बदलून परत भिजत! एकदा तर बादलीसकट टाकून द्यावे लागले."

हिनं माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं हिला जागा कमी पडतेय, मी सरकून बसलो.

"यांना थट्टा करायची सवय आहे," ही घाईघाईनं म्हणाली.

"थट्टा कसली? फोटो आहे माझ्याकडे त्या बादलीचा!" आणि मी खिशातल्या डब्यातला चष्मा चढवला, मोबाईल काढून सगळ्यांना दाखवला. एकेकाला. जवळ नेऊन.

ओटीवरचं हसणं जरा कमी झालं. तेव्हा कुठे मला मागच्या पडवीत नेलं.

मशीन देखणं होतं. एक मुलगी कपडे भरत होती. मी तिला कामालाच लावलं. "बाळ, फुल स्पिनवर टाक. तो पंखा बंद कर. कुकर शिट्टी मारेल, गॅस बंद कर." मंडळी मागोमाग पडवीत आलीच होती. मेहुणा निखिलच्या नोकरीचं काहीतरी विचारायला लागला, तर मी ओरडलो, "शूऽऽ! कुणी बोलायचं नाही!"

सगळं घर चिडीचूप. मी मशीन आणि भिंतीच्या मधे वाकलो, कान टेकवला. काय सुरेख सुरुवात! घूंऽऽऽ… आणि वेग वाढला तशी खडखडखडखड!

मी सरळ उभा राहिलो. "बेअरिंग गेलंय."

"आत्ता मे महिन्यात घेतलंय ओ!" शिंद्यांचा चेहरा उतरला.

"फसवलं तुम्हाला. माणसानं नीट पारखून घ्यावं. आम्हाला तर असलं मशीन नकोच. चल गं, निघू या."

ही पुढे झाली. शिंदे वहिनींचा हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटली आणि गाडीत येऊन बसली. हातखंब्याचा फाटा येईपर्यंत पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "मुलगी कशी वाटली?"

"कुठली मुलगी?"

हिनं कपाळावर हात मारला. "केतकी हो! पोहे आणले तिनं, मशीन लावलं तिनं, तुमच्या हुकमावरून गॅस बंद केला तिनं! ती आणि निखिल कधीपासून फोनवर बोलतायत. दोघांचं जमल्यातच जमा होतं. घरच्यांनी एकमेकांना बघायचं तेवढं राहिलं होतं."

"मग मला सांगायचं! मी मशीन ऐकायला गेलो ना!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं असतं. आणि मुलगी बघायला येतो असं सांगून जातं का कुणी आपल्याकडे? नाही जमलं तर उगाच मुलीचं नाव निघतं. म्हणून काहीतरी निमित्त काढायचं आणि दोन्हीकडच्यांनी समजून घ्यायचं. तुमचे वडील आमच्याकडे काय बघायला आले होते?"

मी गिअर बदलला. "म्हैस."

"आणि आमच्याकडे म्हैस होती का?"

नव्हती. खरंच नव्हती हो!

मग एकेक आठवायला लागलं. बादली. बादलीचा फोटो. शूऽऽ. निमित्ताला गेलेला माणूस निमित्तच बघत बसला, आणि वर तेच नापसंत करून आला! गेले काही दिवस निखिलचा फोनवरचा आवाज वेगळाच खुशीत असायचा. गावभरच्या मोटरी ओळखायला निघालेल्या बापाला तेवढं ऐकू आलं नव्हतं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? घरी येऊन मी दोरीवरच्या कपड्यांमागे जाऊन बसलो.

संध्याकाळी शिंदे वहिनींचा फोन. हिनं घाबरत घाबरत स्पीकर लावला.

"बादलीचं काय मनात आणू नका," वहिनी म्हणाल्या. "निखिलनं तिला आधीच सांगितलंन होतं. केतकी म्हणते, बाप पोराचं काय लपवीत नाय, घर बरं आहे. आमचा होकार समजा."

मी बनियनांतून डोकं बाहेर काढलं. हिच्या डोळ्यांत पाणी.

"आणि ऐकलंत काय? तुमच्या यजमानांचा चष्म्याचा डबा हरवलाय का? पत्र्याचा?"

मी शर्टाचा खिसा चाचपला. रिकामा.

"वाकले ना, तेव्हा मशीनच्या मागं पडला. भिंत नि मशीन यांच्यात अडकून बसलेला. केतकीनं काढलान नि खडखड बंद!"

ही माझ्याकडे बघत राहिली. मी एवढंच म्हटलं, "पाठवून द्या कुणाबरोबर तरी."

तिकडून हसू दाबलेला मुलीचा आवाज आला. "आता नाही मिळायचा, बाबा. साखरपुड्यात मानानं देऊ."

नवीन मशीन हिनं त्याच आठवड्यात घेतलं, मला न नेता. आवाजाचं विचारू नका, कपडे वाळतात.

आणि परवा साखरपुडा झाला. व्याह्यांचा मान करायची वेळ आली. शिंद्यांनी ताट पुढे केलं. ताटात शाल, शालीवर नारळ, आणि नारळाशेजारी हळदकुंकू लावलेला माझा डबा! हॉल नुसता दणाणला. मी हसून ताट घेतलं, म्हटलं चला, संपलं एकदाचं.

तेवढ्यात फोटोवाला पुढे आला. त्यालाही कुणीतरी सांगून ठेवलेलं.

"काका, तो डबा जरा कानाशी धरा!"