कोणाच्याही हातचा घास

शाळेतून फोन आला तेव्हा मी दहिवलीला घरी भाजी निवडत बसले होते. शेवंता गेली, अधीक्षक सर सांगत होते. सकाळी भाकऱ्यांचं पीठ मळता मळता खाली बसली, ती उठलीच नाही... अशा वेळी माणसं कसं झालं, काय झालं, असं विचारतात. माझ्या तोंडून निघालं, "नितीन जेवला का?"

सर म्हणाले, "अजून भरवलं नाही. तुम्ही या."

नितीन तिचा एकुलता एक मुलगा. तिशी उलटलेला, दाढी येणारा पुरुष. पण समज तीन-चार वर्षांच्या पोराची आणि हात तोंडापर्यंत पोचत नाहीत. घास भरवावाच लागतो. कर्जतहून खालापूरकडे जाताना रस्त्यालगत आमची गतिमंद मुलांची निवासी शाळा लागते. निवृत्त होईपर्यंत मी तिथे शिकवलं. शेवंता तिथे स्वयंपाकाला लागली ती नितीनसाठीच, आणि तो मोठा झाल्यावरही तिथेच राहिला. नवऱ्याने पोराची गत बघून कधीच हात झटकले होते. बाई तोंडाने फटकळ. माझंही तोंड काही गप्प बसणारं नाही, त्यामुळे आमचं जमलंही आणि वाजलंही. डाळीत मीठ कमी आहे म्हटलं, की "तुमी पोरं शिकवा बाई, डाळ नका शिकवू" असं ऐकवायची.

नितीन लहान असताना तिला टायफॉइड झाला. ती कर्जतच्या दवाखान्यात पडून, आणि इकडे हा तोंडच उघडेना. आम्ही सगळ्यांनी गोंजारून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. पोर सुकून काटकी झालं. त्यालाही त्याच दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. मायलेक एका छपराखाली, दोघांच्याही हाताला नळ्या.

बरी होऊन आली ती निराळीच बाई. त्या दिवसापासून तिने नितीनला स्वतःच्या हाताने भरवणं बंद केलं. आमच्याकडे मुलांना सांभाळणाऱ्या बायकांना मुलं मावशी म्हणतात. रोज वेगळ्या मावशीने नितीनला जेवू घालायचं, असं तिने ठरवून टाकलं. पोर हंबरडा फोडायचं, तिच्याकडे झेपावायचं आणि ही चुलीकडे तोंड करून उभी. त्याहून कहर म्हणजे त्याला 'आई' म्हणू देईना. आई म्हणून हाक मारली की ही वळायचीच नाही. मावशी म्हटलं की लगेच हजर.

मी खूप भांडले तिच्याशी. कसली गं दगडाच्या काळजाची आई तू, इथपर्यंत बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि परात घासता घासता म्हणाली, "आई येकच असती बाई, ती मेली का संपलं. मावश्या हितं कोन ना कोन असतीलच. त्यो माज्या मागं उपाशी मरता कामा नाय."

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. पण शाळेत मात्र ती रीतच पडून गेली. नवीन बाई कामाला लागली की आधी नितीनला भरवायची, मग बाकीचं काम. शेवंता लांबून बघायची. दुपारी तो गाढ झोपला की तेवढी नखं तीच कापायची, अगदी हलक्या हाताने... जागा झाला की उठून जायची. आणि एक दिवस आमच्या लक्षात आलं, की नितीनने आई म्हणणं सोडलंय. तिच्याही ते लक्षात आलं असणारच. त्या दिवशीही तिने भाकऱ्या नेहमीसारख्याच केल्या.

मी पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. तिचा भाऊ गावाहून आला होता, भला माणूस. त्याने नितीनला जवळ नेलं. "बघ रं, तुजी आई गेली." नितीनने तिच्याकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. म्हणाला, "मावशी निजली."

भाऊ रडायला लागला. "मावशी नाय रं बाबा, आई हाय ती तुजी..." मी त्याचा हात धरला. "राहू द्या दादा." जन्मभर मी जिच्याशी या एका गोष्टीवरून भांडले, तिच्याच बाजूने बोलत होते. काय करणार? आता त्याला आई देऊन लगेच काढून कशी घ्यायची?

तिला नेल्यावर मुलांची जेवणं व्हायलाच हवी होती. वरणभात झाला. मी ताट घेऊन नितीनसमोर बसले. याने तोंड मिटून घेतलं तर? त्याने लगेच आ केला. एक घास, दुसरा घास... मला हुंदका आवरेना आणि तो मात्र मन लावून जेवत होता. ताट संपल्यावर म्हणाला, "मावशी, अजून."

महिना होऊन गेला. मी अधूनमधून जाते. नितीन पोटभर जेवतो, कोणाच्याही हातून. तो कोणाला शोधत नाही, कोणाचं विचारत नाही. शेवंता, तुझंच खरं झालं गं बाई. पण पोटच्या पोराच्या वाट्याला तुझ्यासाठीचं रडूही ठेवलं नाहीस. तेही काम आम्हा मावश्यांवरच टाकून गेलीस.