डॉक्टरसाहेबांच्या गाडीचा सायलेन्सर

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. सायलेन्सरात काजळी जमते, तसे ते जमतात. वर्षानुवर्षं गाडी पळते, कोणाला पत्ता नसतो. अन् एखाद्या दिवशी नळकांडं काढून दगडावर आपटलं, का पायाशी हा ढीग! मी चौथी पास, तीही मास्तर कंटाळले म्हणून. पण अमरावतीच्या आमच्या डॉक्टरसाहेबांच्या अंगणात, त्यांच्या मोटारीखाली उताणं पडून जेवढं शिकलो, तेवढं कोण्या शाळेत शिकलो नसतो. साठ सालाच्या अलीकडच्या-पलीकडच्या गोष्टी आहेत.

*

डॉक्टरसाहेब मूळचे पुण्याकडचे. बोलणं इतकं हळू, का ऐकायला माणूस पुढं झुके. अन् गाडी? सायलेन्सर गंजून असं भोक पडलेलं, का तिची फटफट दोन शेतं ओलांडून जाई!

दर मंगळवारी साहेब नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यावर जात. तिथं सरूआजी नावाची दम्याची म्हातारी होती. गाडी नाल्यापाशी आली, का आजी बाजेवर उठून बसे, केस विंचरे अन् सुनेला म्हणे, "आले व डॉक्टर! ठेव पानी, सुई उकळ्याले!" गाडी दारात येईस्तोवर अर्धा दम खाली बसलेला.

साहेब म्हणत, "माझं अर्धं काम हे भोकच करतं."

मी म्हटलं, "मंग दवाखान्याच्या पाटीवर त्याचंबी नाव लिवा, साहेब!"

*

भोक बुजवायचं पहिलं काम रामदासनं केलं. रामदास म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्यातला फिटर, माझा जिगरी. त्यानं वनस्पती तुपाचा रिकामा डबा कापला, भोकावर गुंडाळला अन् वरून कापसाच्या गठाणीची लोखंडी पट्टी आवळली. वऱ्हाडात खाट मोडो, फाटक मोडो का मोटार मोडो, गठाणीची पट्टी आवळायची, विषय खतम! डबा धुवायचं काम माझ्याकडं होतं. मी ते केलं नाही.

आवाज तेवढाच राहिला. पण मंगळवारी गाडी ज्या ज्या गावातून गेली, तिथं पुऱ्या तळल्याचा घमघमाट! परतताना एका पाटलानं हात करून गाडी थांबवली.

"डॉक्टरसाहेब, लगन कोनाचं हाय? आमाले पत्रिका कावून नाई?"

*

छप्पन साली रामदासनं घरच्यांसोबत बुद्धाचा धम्म घेतला. त्याआधी गाडीचं कोणतंही काम काढलं, का मी चाकापुढं नारळ ठेवत असे अन् तो फोडत असे. खोबरं खायला मी हजर! दीक्षेनंतर पहिल्यांदा सायलेन्सर खोलायचा होता. नट गंजून पाइपाशी एकजीव झालेले. मी मुद्दाम, चिडवायला म्हणून, नारळ पुढं केला.

"फोड बे, नाई तं नट सुटनार नाई."

रामदासनं छिन्नी लावली अन् घणाच्या एकाच घावात नट उडवला.

"आता आमी नारळ नाई फोडत, भाऊ. सिद्धा नटच फोडतो!"

त्या दिवशी खोबरं मिळालं नाही. चिडवायला गेलो अन् उपाशी राहिलो.

*

साहेबांना एकच त्रास होता. गाडीतून उतरल्यावर पाव तास त्यांचे कान गुणगुणत. म्हणत, "छातीला नळी लावतो, तर पेशंटचा श्वास ऐकू येतोय की आपली गाडी, तेच कळत नाही." म्हणून शेवटी मुंबईहून नवा सायलेन्सर आला. रविवारी गाडी विटांवर चढवली. अकोल्याचे एक वकील साहेबांचे दोस्त. काळा कोट घालून ते गाडीमागं उभे राहिले अन् सकाळपासून सल्ले देत होते. हात मात्र खिशातून बाहेर काढला नाही. बसवणं संपताना मी हळूच पाइपात कापूस कोंबला. रामदासनं गाडी सुरू केली.

फाट्!

वकील कपाळापासून बुटापर्यंत पांढरे! मी हात जोडले.

"वकीलसाहेब, यंदा कापूस लवकर फुटला!"

*

नव्या सायलेन्सरनं गाडी मांजरीसारखी चाले. मंगळवारी साहेबांसोबत मी अन् रामदासही गेलो. नाला ओलांडला, दारात उभे राहिलो, कोणाला चाहूल नाही. चूल थंड. आजी बाजेवर धापा टाकत पडलेली, केस तोंडावर. साहेबांना पाहून दचकली अन् दम असा वाढला, का सुई उकळेपर्यंत आम्ही तिघं मनातल्या मनात तिचे श्वास मोजत होतो. तासाभरानं तिला शब्द फुटला.

"चोरावानी कावून आले, बाप्पा?"

परत आल्यावर साहेब अंगणात उतरले अन् म्हणाले, "रामदास, जुना आहे?"

"हाय, साहेब."

"बसव."

"अन् तुमचे कान?"

"कापूस घालीन. वऱ्हाडात कापसाला काय तोटा?"

*

पुढं दोन वर्षांनी साहेब झोपेतच गेले. तिसऱ्या दिवशी सरूआजीचा मुलगा आला अन् अंगणात उभ्याउभ्याच म्हणाला, "मायले सांगू नका. मंगळवार आला का ते कान लावून बसते. ते नाई जगनार." औषध नव्या डॉक्टरकडून मिळणार होतं, त्याची चिंता नव्हती. साहेबांच्या बाईसाहेब आत गेल्या अन् गाडीची किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली.

मग दर मंगळवारी आम्ही दोघं नाल्यापर्यंत जाऊ. रामदास जागेवरच गाडी रेस करी. फटफटफटफट! मुलगा आत जाऊन सांगे, "डॉक्टर घाईत होते, औषध देऊन गेले." आम्ही परत फिरू. जन्मभर खोड्या केल्या, पण इतकी मोठी खोडी अन् तोंडावर हसू नाही, असं तेवढं एकदाच झालं.

पावसाळा गेला, हिवाळा आला. एका मंगळवारी रामदासनं रेस केली अन् नाल्यापलीकडून सून येताना दिसली. हातात किटली, दोन कप.

"मायनं चहा पाठवला. दोघायसाठी."

रामदासनं गाडी बंद केली. मी विचारलं, "दोघायसाठी? तिले कोनं सांगितलं?"

"कोनंच नाई. म्हने, डॉक्टर घाईत औषध देनारा मानूस नव्हता. तिले पहिल्याच मंगळवारी समजलं." सुनेनं कप भरले. "अन् म्हने, त्या पोट्ट्यायले सांग, जरा जोरानं करत जा. आताशा कमी आयकू येऊन राहिलं."