गळालेलं टिंब

माझ्या मामाने आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं सजवली, स्वतः मात्र एक ओळ लिहिली नाही. सोळाव्या वर्षी तो छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागला. पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आले. छापखाना बंद पडला तेव्हा तो घरी आला आणि जिन्याजवळच्या खोलीत टेबल टाकून, स्वतःच्या हिमतीवर पुस्तक काढणाऱ्या लोकांची पानं लावून देऊ लागला. सगळे त्याला मास्तर म्हणायचे.

मास्तर होता भित्रा. फाईल छपाईला गेली की दोन दिवस त्याला घास उतरायचा नाही. मामी म्हणायची, "मुलं झाली तेव्हा हे एवढे घाबरले नव्हते."

गेल्या वर्षी त्याच्याकडे सिस्टर आल्या. लहान मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या बाई. नव्या आयांसाठी त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. बाळाला धरायचं कसं, न्हाऊ कसं घालायचं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मोजायचं कसं. मजकूर फार पूर्वी कुणाकडून तरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला.

"कागदावर तर हवंच, पण मोबाईलवरही वाचता यायला हवं," त्या म्हणाल्या. "आता म्हणे घरच्या घरी होतं हे सगळं. तुमच्याकडे जमेल ना, मास्तर?"

त्या सहज बोलल्या, पण मामाला ते लागलं. घरच्या घरी होतं, हे तो वर्षभर ऐकत होता. तीन जुने लेखक त्यामुळेच परत आले नव्हते.

त्याच संध्याकाळी त्याने मला बोलावलं. "चिमे, ते नवीन काय असतं ते दाखव मला."

आम्ही पहिलं प्रकरण घेतलं आणि तीन ठिकाणी लावून पाहिलं. एक मामाचा जुना प्रोग्राम. त्यात पान असं बसायचं की बघत राहावं, पण मोबाईलसाठी पुस्तक काढायला गेलं की जोडाक्षरांचा चुरा. दुसरा, पत्रं लिहायला सगळे वापरतात तो. त्यात एक चित्र इंचभर सरकवलं आणि पुढची नऊ चित्रं आपापली जागा सोडून निघाली. "लग्नातल्या पाहुण्यांसारखी आहेत," मामा म्हणाला, "एक उठला की सगळी पंगत उठते." तिसरं इंटरनेटवरचं नवं टूल, माझ्या मैत्रिणीने सांगितलेलं. मजकूर त्यात ओतला. जुना फॉन्ट त्याने आपणहून नव्यात बदलला, अनुक्रमणिका केली, कडा सोडल्या, मोबाईलची प्रतही काढली. वीस मिनिटं लागली असतील.

मामाने घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "मला यात चार दिवस गेले असते."

मीच आग्रह केला. हेच घे म्हटलं, नाहीतर मागे पडशील. पहिल्या प्रकरणात बाळाला धरणं आणि न्हाऊ घालणं होतं. आकडा एकही नव्हता. ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एरवी मामा मूळ कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायचा. या वेळी पडद्यावरचं पान इतकं नितळ दिसत होतं की त्याने शीर्षकं बघितली, चित्रं बघितली आणि फाईल छपाईला पाठवून दिली. मोबाईलची प्रत मी टूलवरच वाचायला खुली ठेवली. साठ प्रती आल्या. सिस्टरांनी वॉर्डात छोटा कार्यक्रम केला आणि चौतीस प्रती आयांच्या हातात दिल्या.

पाचव्या दिवशी सकाळी मी मामाकडे गेले होते. मामी लसूण सोलता सोलता ते पुस्तक वाचत होती. एका पानावर ती थांबली.

"अहो, तापाचं औषध पाच मिली? दोन महिन्यांच्या बाळाला?"

मामाने पुस्तक घेतलं. पानावर छापलं होतं, '०५ मिली'. तो उठला, सिस्टरांचे मूळ कागद काढले, पान शोधलं. तिथे होतं, '०.५ मिली'. त्याने पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं उलटलं. जुन्या फॉन्टमधलं दशांशाचं टिंब नव्या टूलला ओळखता आलं नव्हतं, आणि जे ओळखता आलं नाही ते त्याने गुपचूप गाळलं होतं. सगळ्या पुस्तकात. अर्ध्याचं पाच झालं होतं. दसपट.

मामा खाली बसला. "चौतीस घरं," एवढंच तो म्हणाला.

माझी अवस्था वेगळी नव्हती. ते टूल मी आणलं होतं. आधी सिस्टरांना सांगावं की आधी टूलवरची प्रत काढून टाकावी, एवढंही मला सुचेना. मामीनेच फोन मामाच्या हातात दिला. "लावा. बोलायला लाज वाटेल, पण लावा."

मामाने लावला. काही लपवलं नाही. "सिस्टर, चूक माझी आहे. मी ताडून बघितलं नाही." पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "प्रती कुणाला दिल्या ते डायरीत आहे. इकडे या. ताबडतोब."

मी टूलवरची मोबाईलची प्रत बंद केली, ती अजून कुणी उघडली नव्हती, आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. त्यांनी डायरीतलं पान उघडून ठेवलं होतं. आम्ही तिघं तीन फोन घेऊन बसलो. प्रत्येकीला तेच सांगायचं: पुस्तकातले औषधाचे आकडे चुकलेत, काही देऊ नका, दिलं असेल तर आत्ता सांगा. कुणी हसलं, कुणी चिडलं. एकीने अजून पुस्तक पिशवीतूनच काढलं नव्हतं. प्रत्येक 'नाही दिलं' ऐकलं की मामा नावापुढे खूण करायचा आणि पुढचा नंबर फिरवायचा. घाईत दोनदा नंबर चुकला.

तेहतीस नावांपुढे खुणा झाल्या. एक फोन लागत नव्हता.

सिस्टरांनी ते नाव बघितलं आणि त्या उठल्याच. "हिच्या बाळाला काल दुपारी लस टोचली. आज ताप येणारच. मीच सांगितलंय तिला, पुस्तकात बघून औषध दे."

घर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर होतं. सिस्टर साठी उलटलेल्या, तरी आमच्या पुढे होत्या. मामा कठडा धरून चढत होता आणि प्रत्येक वळणावर थांबून कान देत होता. आतून बाळाचं रडणं ऐकू येईल, म्हणून. काहीच ऐकू येत नव्हतं. ती शांतता मला अजून आठवते.

दार त्या मुलीने उघडलं. बाळ तिच्या खांद्यावर निजलेलं, गाल तापाने लाल. टेबलावर पुस्तक उघडं, शेजारी औषधाची बाटली, झाकण काढलेलं.

"दिलंस का?" सिस्टरांनी विचारलं.

"एकदा भरून दिलं," ती म्हणाली. "पण ड्रॉपरवर खूण एकपर्यंतच आहे. पुस्तकात पाच लिहिलंय. म्हणजे पाच वेळा द्यायचं का, ते कळेना. फोन बंद पडलाय, हे आले की तुम्हाला विचारायला पाठवणार होते."

सिस्टरांनी बाळ घेतलं. श्वास बघितला, डोळे उघडून बघितले, पावलाला टिचकी मारली. बाळाने पाय ओढून घेतला आणि भोकाड पसरलं. त्यांनी वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणून दाखवा, बहुतेक काही होणार नाही. तसंच झालं. दुपारभर डॉक्टरांनी बाळाला नजरेखाली ठेवलं आणि घरी पाठवलं. मामा तोवर दवाखान्याच्या बाकावर बसून होता. त्या मुलीसमोर जाऊन त्याने हात जोडले. तिला नीटसं काही कळलं नव्हतं. तीच म्हणाली, "काका, पाणी घ्या थोडं."

सगळ्या प्रती परत आल्या. नवी आवृत्ती निघाली ती सिस्टरांच्या अटीवर: औषधाचं माप अक्षरांत लिहायचं, 'अर्धा मिली'. मामा म्हणाला होता, हे काम दुसऱ्याला द्या. त्या म्हणाल्या, "दुसरा एवढा घाबरेल का?"

मग मामाने तिन्ही प्रोग्राम पुन्हा तपासले. या वेळी पहिलं प्रकरण न घेता पुस्तकातलं सर्वांत किचकट पान घेतलं: आकडे, टिंबं, तक्ता, जोडाक्षरं. तिन्ही नापास झाले, प्रत्येक वेगळ्या ठिकाणी. कोण कुठे काय खातो ते त्याने कागदावर लिहून भिंतीला लावलं. काम नव्या टूलवरच केलं, पण आता मामी मूळ कागद धरते आणि मामा पडद्यावरून मोठ्याने वाचतो, टिंबासकट.

परवा गेले तेव्हा दोघं दुसऱ्या एका पुस्तकाचं तेच करत बसले होते. मी विचारलं, "मामा, अजून भीती वाटते?"

"फाईल पाठवताना हात थंड पडतात," तो म्हणाला.

"तीन टिंब दोन, बरोबर," मामी मूळ कागदावर बोट ठेवून म्हणाली. "पुढे वाचा."