आप्पांचा कौल

आमच्या घरात निर्णय मी घेते. भावाचं लग्न असो की विहिरीवरची मोटर, सगळं मीच ठरवलं. बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात ऑफिस सांभाळता सांभाळता ही सवय आणखी पक्की झाली. त्यामुळे वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, फुप्फुसात कॅन्सर निघाला तेव्हा बेळगावच्या डॉक्टरांसमोरही मीच बसले. गाठ लहान होती. ऑपरेशन करून फुप्फुसाचा तेवढा भाग काढता येईल, नाहीतर रेडिएशन देता येईल. दोन्हींच्या बऱ्यावाईट बाजू समजावून ते म्हणाले, ठरवून सांगा. आप्पांना मी 'छातीत डाग आहे' एवढंच सांगितलं. पण आयुष्यात पहिल्यांदा मला ठरवता येईना. माझं चुकलं तर आप्पा जातील, ही भीती होती.

शेवटी रविवारी जांबोटीजवळच्या आमच्या गावी जाऊन देवीला कौल लावला. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर रेडिएशन. तास गेला, एकही पाकळी सुटेना. मी देवीवर चिडलेसुद्धा, खोटं कशाला सांगू? मागे एक अनोळखी म्हातारी आपली पाळी येण्याची वाट बघत बसली होती. तिनं विचारलं, "आजारी कोण गं?"

"आमचं आप्पा."

"आन् त्यास्नी घरात ठेवून तू आलीस व्हय? आदी त्यास्नी इचार की! आई तरी मधल्यामधी काय सांगंल?"

देवीला नमस्कार केला आणि गावातलं घर गाठलं. आप्पा गोठ्यात होते. मी सगळं सांगून टाकलं. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी ऐकून घेतलं.

"ठावं हाय मला. तुझं तोंडच सांगत हुतं. मलाबी डॉक्टरला चार गोष्टी इचारायच्या हायती."

मी तिथंच रडले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशननंतर शेताचा चढ चढता येईल का, आणि रेडिएशन दिल्यावर गाठ परत येईल का. उत्तरं सरळ मिळाली. आप्पांना श्वास आधीच कमी पडत होता, ऑपरेशननंतर तो आणखी कमी पडला असता. बैल पारखावा तशी सावकाश पारख करून आप्पांनी रेडिएशन निवडलं.

ते पार पडलं. पुढचं स्कॅनिंग व्हायचंय. त्यात काय निघेल मला माहीत नाही, पण आता भीती वाटत नाही. देवीच्या पायाशी भार ठेवायला गेले होते खरी, पण मूठ सोडायची माझी तयारीच नव्हती. ती सोडवायला त्या आजीच्या रूपानं कोण आलं, हे मी शोधत बसत नाही. रोज दिवा लावताना तिच्यासाठीही हात जोडते.

परवा तपासणीला डॉक्टर सवयीनं माझ्याकडे बघून बोलू लागले. मी माझी खुर्ची मागे घेतली आणि आप्पांची पुढे सरकवली.