हसवणाऱ्या आणि रडवणाऱ्या

मे महिन्यात मी अमरावतीहून माहेरी, अकोल्याला गेले की आमच्या घरी एक सुनावणी होत असे. वर्षभर पाहिलेल्या मालिकांमधून पहिला नंबर कोणाचा, हे ठरवायची सुनावणी. बाबा वकील होते आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची सवय गेली नव्हती. कारण सांगितल्याशिवाय ते कोणाचंच मत ग्राह्य धरत नसत. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. त्याने बाबांच्या टीव्हीवर सगळी ॲप्स घालून दिली होती, त्यामुळे एरवी न दिसणाऱ्या मालिकाही घरात आल्या होत्या. सुनावणीला तो फोनवरून हजर व्हायचा.

आईने मालिकांचे दोनच प्रकार केले होते, हसवणाऱ्या आणि रडवणाऱ्या. बाबा हसवणाऱ्यांचे. एखादा विनोद आवडला की शेजारच्या गच्चीपर्यंत ऐकू जाईल असं हसायचे आणि पुन्हा तो आम्हालाच समजावून सांगायचे. रडवणाऱ्या मालिका मात्र ते साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशा पाहायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या पाठवणीच्या वेळीसुद्धा ते बसवाल्याशी सामानावरून वाद घालत होते.

आई दर्यापूरकडची. तिची एक लाडकी मालिका होती, खानावळ चालवणाऱ्या एका सुनेची. दोन वर्षांपूर्वी तिने त्या मालिकेची बाजू फार जीव तोडून मांडली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थे बाई चार वर्षं चुलीपाशी राबून राहिली, अन् तिचा हात एकदाही भाजला नाई. तुहा हात पाह्य. मालिका खोटी हाये."

"तुमाले बायकाईचं काई कळते का?" आई चिडली. त्या दिवशी तिने बाबांना आमरस वाढला, पण बोलली नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. "बरं" एवढा एकच शब्द उरला. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेला माणूस एका शब्दावर आला होता.

दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांना बरं वाटावं म्हणून आईने त्यांच्या आवडीची एक विनोदी मालिका लावली. पहिल्याच प्रसंगाला बाबा रडायला लागले. साधं पाणी येणं नव्हे, लहान मूल रडतं तसा हुंदका. आईने घाबरून टीव्ही बंद केला आणि मला फोन केला. "त्याईले काय आठवलं असंल वं? काहून रडून राहिले असतील?"

त्याचा उलगडा पुढच्या शनिवारी झाला. मी आले होते तेव्हा बाळापूरकडचे एक जुने पक्षकार बाबांना भेटायला आले. त्यांची बायको नुकतीच वारली होती. बाबांचा डावा हात हातात घेऊन ते म्हणाले, "वकीलसाहेब, माही लक्ष्मी गेली. शेवटपर्यंत तुमचं नाव काढे." आणि बाबा हसले. पूर्वीसारखे, मोठ्याने, थांबताच येत नसल्यासारखे. मी आणि आई त्यांच्याकडे बघतच राहिलो. तो म्हातारा माणूस आधी गोंधळला, मग त्याने हळूच आपला हात सोडवून घेतला.

"त्याईची तब्येत नाई बरोबर," आई काकुळतीने म्हणाली. "तुमी मनाले लावून घेऊ नोका."

"नाई माय, मी कायले मनाले लावू," ते म्हणाले, पण चहा तसाच ठेवून उठले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत बाबा हसतच होते. मग हसू थांबलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आपण काय केलं ते त्यांना पुरतं कळलं होतं. तेच सगळ्यात वाईट होतं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की झटक्यानंतर काहींचं असं होतं. चेहऱ्यावर दिसतं ते आत असतंच असं नाही, रडणं आणि हसणं मेंदूच्या ताब्यात राहत नाही. गोळ्या दिल्या. थोडा फरक पडला. आईने मात्र कोणी भेटायला येतो म्हटलं की काहीतरी कारण सांगून टाळायला सुरुवात केली.

मे आला. यंदा सुनावणी नको, असं मी आणि भावाने ठरवलं होतं. पण मी पोचल्यावर संध्याकाळी कूलर लावून बसलो, तर बाबा टीव्हीकडे बोट दाखवायला लागले. मग माझ्याकडे. मग टेबलावरच्या फोनकडे. "बरं," ते म्हणाले. "बरं, बरं!"

भावाला फोन लावला. मी हसवणाऱ्या मालिकांची नावं घेऊ लागले आणि बाबा रडायला लागले. मी यादी मध्येच थांबवली. तेव्हा आई म्हणाली, "त्याईच्या तोंडाकडं पाहू नोको. हाताकडं पाह्य. मी महिनाभर पाहून राहिले. पटलं की बोटं वाजवतात."

मी पुन्हा नावं घेतली. एका नावाला डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर टक टक वाजली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि बोटं ठामपणे सांगत होती की हीच पहिली.

रडवणाऱ्यांची पाळी आली तेव्हा आईने स्वतःच विचारलं, "अन् माही खानावळवाली? तिचं काय?" बाबा खदखदून हसायला लागले. आम्ही तिघंही त्या हाताकडे पाहत होतो, भाऊ फोनच्या पडद्यातून. हात हलला नाही. आईने पुन्हा विचारलं. बोटं मुद्दाम आवळून घेतल्यासारखी बंद झाली.

"नाई म्हनजे नाईच," आई म्हणाली. "अजूनई पटत नाई या मानसाले." आणि पदराने डोळे पुसत ती समाधानाने हसली. झटक्यानंतर मी तिला प्रथमच तशी पाहिली.

त्या सुट्टीतून निघताना मी वाकून नमस्कार केला. "येते बाबा," म्हटलं. ते हसले. मूर्तिजापूर येईपर्यंत मी बसच्या खिडकीला डोकं टेकून बसले होते. वडील रडत असतील तर लेकीला थांबता येतं. हसणाऱ्या माणसाजवळ काय म्हणून थांबायचं, ते मला सुचलं नव्हतं.

पोळ्याच्या आधी दुसरा झटका आला. मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं आणि चेहरा अगदी शांत होता. कित्येक महिन्यांनी तो त्यांचा स्वतःचा चेहरा वाटला. बाळापूरचे ते पक्षकारही आले होते. ते आईसमोर हात जोडून उभे राहिले आणि मग पुरुषांच्या घोळक्यात जाऊन बसले.

यंदाच्या मे महिन्यात मी माहेरी असताना भावाचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "आई, यावर्षी कोणती आवडली?"

"कोनतीच नाई पाह्यली," आई म्हणाली.

ती रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसते, हे मी आल्यापासून पाहत होते. आवाज बारीक ठेवून, एकामागून एक भाग, हसवणारे आणि रडवणारेही. फोन ठेवून ती उठली. गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या होत्या. त्या उलटायला आम्ही दोघी वर गेलो.