दत्ताच्या आरशाची कड

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आकाश बघणाऱ्या आमच्या गटातल्या कुणाजवळही नाही. गेल्या महिन्यात फक्त एका माणसाला सांगितलं. त्याला खरं तर पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण त्याला सांगून बाहेर पडलो आणि आठ वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं. म्हणून आता तुमच्यापुढे बसायला धीर आला आहे. मुख्य माणसाला सांगून झालं की बाकीच्यांना सांगणं सोपं जातं – की हेही माझ्या सोयीचंच?

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्याने बनवलेली वस्तू मोजायची आणि चालेल की नाही ते सांगायचं, एवढंच माझं काम. नाही चालली तर तिला लाल टॅग बांधायचा, कारण लिहायचं, खाली सही करायची. टॅग बांधला की ऑपरेटर सहसा वाद घालत नाही. मनात शिव्या घालत असेल, पण जॉब उचलून बाजूला ठेवतो. क्वालिटीवाला चुकू शकतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो खोटं बोलेल, असं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आकाशाचा नाद मला चाळिशीत लागला. आम्ही आकुर्डीला राहतो. इथे कारखान्यांचे दिवे आणि धूळ, त्यामुळे ताऱ्यांचं सुख बेताचंच. मी सूर्याकडे वळलो. दुर्बिणीच्या तोंडावर सूर्यासाठीची खास फिल्म बसवायची, मागे कॅमेरा लावायचा आणि सोसायटीच्या गच्चीवरून सौरडागांचे फोटो काढायचे. दुर्बीण तयार, परदेशातून मागवलेली. गटातली पहिली मोठी दुर्बीण माझी. रविवारी सकाळी लोक यायचे, रांग लावून डोळा लावायचे, आणि मी शेजारी उभा राहून डाग कुठला, किती मोठा, ते समजावून सांगायचो. लोक मला सर म्हणायचे. ते मला आवडायचं. फार आवडायचं – हे एवढंसं वाक्य बोलायला इतकी वर्षं का लागावीत?

त्या रांगेत एका रविवारी दत्ता उभा राहिला. लातूरकडचा, भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवणारा. बाकीचे डोळा लावायचे आणि अरे वा म्हणायचे. दत्ता मात्र मी फिल्म काढल्यावर नळीच्या तोंडातून आत वाकून बघत बसला. खाली गोल आरसा दिसला तेव्हा म्हणाला, हे तर घासूनच बनवलेलं असणार. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, “घासायचंच असलं तर आपल्याला बी जमंल की, सर.”

मी हसलो. त्याने मात्र खरंच काचेच्या दोन जाड चकत्या आणल्या, सहा इंची. आरसा घासायची पद्धत साधी आहे आणि जीव काढणारी आहे. एक चकती खाली, एक वर, मध्ये घासायची पूड आणि पाणी. वरची मागेपुढे सरकवायची, थोडी फिरवायची आणि स्वतः भोवती चालत राहायचं. हळूहळू वरची काच खोलगट होत जाते. पूड बारीक बारीक होत जाते, शेवटी राळेवर पॉलिश. दत्ताने त्यासाठी तेलाचा रिकामा ड्रम आणून त्यात विटा भरल्या. सेकंड शिफ्ट असली की सकाळी, फर्स्ट असली की दुपारनंतर तो त्या ड्रमाभोवती फेऱ्या मारायचा. शेजारचे चिडवायचे की दत्ताचं काचेशी दुसरं लग्न लागलंय. पूड बदलताना जुनीचा एक कण जरी राहिला तरी ओरखडा पडतो, म्हणून दर वेळी सगळं धुवायचं. त्याची बायको सुनंदा मला म्हणाली होती, “पोरापेक्षा ह्या काचेलाच जास्त आंघोळी घातल्यात ह्यांनी.”

तिच्या बोलण्यात टोमणा कमी होता, अभिमान जास्त. कारण डिसेंबरात सूर्यग्रहण होतं आणि दत्ताने तिला कबूल केलं होतं – ह्या साली ग्रहण स्वतःच्या आरशातून दाखवीन.

आठ महिने लागले. एवढ्या काळात मी त्याला पुस्तकं दिली, गटात त्याचं कौतुक केलं. ते खोटं नव्हतं. म्हणजे, तोवर नव्हतं.

आरसा जमला की नाही हे मोजपट्टीने कळत नाही. त्यासाठी आरशापासून दहा फुटांवर एक बारीक दिवा ठेवतात. त्याचा उजेड आरशावर आपटून परत येतो आणि एका बिंदूत गोळा होतो. त्या बिंदूत ब्लेडची धार अगदी हळू सरकवायची आणि धारेमागून आरशाकडे बघायचं. दत्ताच्या आरशासारखा लहान, लांब फोकसचा, साधा गोल वक्राचा आरसा नीट जमला असेल, तर तो सगळाच्या सगळा एकदम आणि एकसारखा करडा होतो. कुठे चढ किंवा खड्डा असेल तर तिथे वेगळी सावली उमटते. दत्ताने या चाचणीसाठी स्वतः एक स्टँड बनवला होता. ब्लेड सरकवायचा स्क्रू त्याने लेथवर इतका सुरेख काढला होता की बोट लावलं तरी पुरे.

तो स्टँड मी त्याच्याकडून आठवडाभरासाठी मागून नेला. म्हटलं, आधी हात बसवतो. घरी माझ्या दुर्बिणीचा आरसा काढून लावून बघितला. कांद्याच्या चकतीवर असतात तशी वलयं दिसली. आणि कडेला सगळीकडून एक काळी फीत – कड खाली गेलेली, म्हणजे तिथे काच जास्त घासली गेलेली. माझ्या त्या परदेशी आरशाची. मी तो परत नळीत बसवला आणि कुणाला काही बोललो नाही. त्यात तरी काय होतं न बोलण्यासारखं? पण नाही बोललो.

पुढच्या रविवारी दुपारी दत्ताच्या घरी गेलो. दोन खोल्या, म्हणून आरसा आतल्या खोलीत ओट्यावर आणि स्टँड बाहेरच्या दारापाशी स्टुलावर, तेव्हा कुठे दहा फूट भरले. खिडकीला गोधडी लावून अंधार केला होता. सुनंदा चहाचं आधण तसंच ठेवून भिंतीला टेकून उभी होती, गॅसच्या ज्योतीचा उजेड नको म्हणून. मी डोळा लावला आणि स्क्रू फिरवला.

सगळा आरसा एकदम करडा झाला. कडेपासून कडेपर्यंत. कुठे रेघ नाही, वलय नाही. पहाटे धुकं उतरतं तसा मऊ, एकसारखा. मी स्क्रू मागे घेतला, पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. डोक्यात काय चाललं होतं ते आज स्वच्छ आठवतं, आणि त्याला मोठी नावं द्यायची नाहीत असं मी ठरवलंय. पुढच्या रविवारी लोक कुणाच्या दुर्बिणीपुढे रांग लावतील, हा विचार होता. बस. एवढाच.

“कड खाली गेलीय,” मी म्हणालो.

खोटं बोलताना माणूस दोष आणतो कुठून? मी माझ्याच आरशातला उचलला आणि त्याच्या आरशावर ठेवला.

दत्ताने स्वतः डोळा लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाला, “मला तर काईच दिसंना, सर.”

त्याला काही दिसत नव्हतं, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. आणि मी म्हटलं – माझा खरा गुन्हा इथे आहे, मघाचं वाक्य त्यापुढे काहीच नाही – मी म्हटलं, डोळा तयार व्हावा लागतो रे. मी इतकी वर्षं क्वालिटीला आहे, मला दिसतं.

त्याने वाद घातला नाही. वर्कशॉपमधला माणूस होता. उसनं हसून म्हणाला, लावा मग लाल टॅग. माझ्या बॅगेत टॅग असायचेच. मी एक काढला, ‘कड खाली गेली आहे’ असं लिहिलं आणि सही केली. सुनंदाने गोधडी काढली. चहा झाला. तो चहा मी प्यायलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. नसलेला दोष काढायला दत्ता दोन महिने आरसा पॉलिश करत राहिला. जमलेला वक्र त्यात खरोखरच बिघडला. मग त्याने पुन्हा जाड पुडीपासून सुरुवात केली. घाईत पाणी कमी पडलं आणि दोन्ही चकत्या एकमेकींना घट्ट चिकटल्या. सोडवायला लाकडी हातोडीने ठोकताना आरसा तडकला. मला फोन आला तेव्हा तोच माझी समजूत घालत होता – जाऊ द्या सर, तुम्ही खरं सांगितलं तेच बरं, उगाच पास केला असता तर लोकांपुढं फजिती झाली असती.

ग्रहणाच्या सकाळी गच्चीवर गर्दी होती. उन्हात मला लॅपटॉप दिसेना, तर दत्ता माझ्यामागे काळं कापड धरून उभा राहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सुनंदाने ग्रहण माझ्या दुर्बिणीतून पाहिलं. त्या दिवशीचे फोटो गटात फार नावाजले गेले. आजही माझ्या दिवाणखान्यात एक आहे. म्हणजे, गेल्या महिन्यापर्यंत होता.

तुम्ही विचाराल, मग आठ वर्षं का गप्प बसलास? बसलो. सोपं होतं म्हणून बसलो. तडकलेल्या आरशाची चाचणी पुन्हा होत नाही. तो एकदा बरोबर होता हे जगात एकट्या मलाच माहीत होतं.

गेल्या महिन्यात नव्या कॅमेऱ्यासाठी एक रिंग हवी होती, दुर्बिणीला कॅमेरा जोडायची. ती दत्ताशिवाय कोण काढणार? दुपारच्या सुट्टीत त्याच्या वर्कशॉपला गेलो. त्याने रिंग काढली, व्हर्नियरने मोजली. पुसून पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा व्हर्नियर उचलला तेव्हा मी चेष्टेने म्हटलं, राव, एवढं काय मोजतोस, लेथवर केस पांढरे झाले तुझे. त्याने टूलबॉक्सचं झाकण उघडून दाखवलं. आतल्या बाजूला माझा लाल टॅग चिकटवलेला होता. तेलाने काळा पडलेला, सही मात्र वाचता येत होती.

“तवापासनं आपल्या डोळ्यावर भरवसा ठेवत न्हाई मी,” तो म्हणाला. अगदी सहज. उलट मी काही शिकवलं असल्यासारखा.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, मशीन चालू असतानाच. आधी त्याला ऐकू गेलं नाही. त्याने मशीन बंद केलं, आणि ते मला पुन्हा, पहिल्यापासून, शांततेत सांगावं लागलं. माझ्या आरशाबद्दलही सांगितलं.

तो कॉटन वेस्टने हात पुसत राहिला. स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. रागावेल, शिवी देईल असं मला वाटत होतं. त्याने एकच विचारलं. “म्हंजे मला दिसलं हुतं तेच बरोबर हुतं?”

“हो.”

“कसा दिसत हुता? सांगा.”

मी सांगितलं. एकदम करडा, कडेपासून कडेपर्यंत, धुक्यासारखा. तो मान हलवत होता. त्यालाही आठवत होतं सगळं, तंतोतंत. म्हणाला, हां, तसाच हुता. मग व्हर्नियर डबीत ठेवला – तिसऱ्यांदा न मोजताच – आणि रिंग माझ्या हातावर ठेवली. टॅग नखाने सोडवला आणि तोही ठेवला. मग मशीन चालू करून माझ्याकडे पाठ केली.

रिंग चोख बसली. दत्ता त्यानंतर गच्चीवर आलेला नाही. यावं असं मी म्हणणार नाही.

टॅग मी माझ्या दुर्बिणीच्या नळीला बांधला आहे. रविवारी रांगेतलं कुणीतरी विचारेलच, सर, हे काय? मी सांगेन. त्यावर लिहिलेलं अक्षर अन् अक्षर खरं आहे. फक्त आठ वर्षं ते चुकीच्या आरशावर होतं.